विश्वास की सत्कर्म? ख्रिस्ती धर्मातील एक जुना वाद

दरवर्षी २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोव्यातील कॅथलिक दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळून निघतात. त्याआधी काही दिवस पावसाळ्यात माजलेले गवत काढले जाते, क्रूस पुसून स्वच्छ होतात, थडग्यांवर फुले येतात. मृतात्म्यांच्या त्या दिवशी पाद्री आशीर्वादित पाणी शिंपडत थडग्यांमधून फिरतात आणि गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी मीस होते. शेजारच्या हिंदू घरांना हे सारे सर्वपित्री अमावास्येच्या जवळचे वाटते, आणि म्हणून त्याचे फारसे नवल वाटत नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. त्याच वाड्यावरचे, त्याच आडनावाचे एखादे कुटुंब त्या संध्याकाळी तेथे येत नाही. ते कुटुंब इगर्ज सोडून ‘बिलिव्हर’ झालेले असते. आडनाव तेच, ख्रिस्त तोच. मग आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावण्यात अडचण कोणती?

पुष्कळांना ही दोन पंथांमधली नेहमीची भाऊबंदकी वाटते. वस्तुतः त्या एका मेणबत्तीमागे पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाला दुभंगून टाकणारा पाचशे वर्षांपूर्वीचा प्रश्न उभा आहे: मनुष्याचे तारण कशाने होते? केवळ देवावरील विश्वासाने, की विश्वास आणि सत्कर्मे या दोहोंनी? मरणाऱ्याचा विश्वास खरा असेल तर त्याचा हिशेब ख्रिस्ताने कधीच पुरा केला आहे, आता मागे राहिलेल्यांनी त्यात भर घालण्यासारखे काही उरत नाही, असे बिलिव्हर मानतो. आत्म्याची शुद्धी मरणानंतरही चालू राहू शकते आणि तीत आपल्या प्रार्थनेचा हातभार लागतो, असे कॅथलिक मानतो.

मराठी वाचकाला या वादात शिरताना एक अडसर आडवा येतो. तो आपल्या भाषेतला आहे. ‘सत्कर्म’ म्हटले की आपल्या मनात ‘पुण्य’ येते, आणि पुण्य म्हटले की चित्रगुप्ताची वही. एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला पुण्य, अखेरीस वजाबाकी. ख्रिस्ती लोकही असाच जमाखर्च मानत असतील, फक्त त्यांच्या वहीचे नाव वेगळे असेल, असे आपण गृहीत धरतो. ख्रिस्ती धर्मातला हा वाद मात्र अशी वही देवाजवळ आहे का आणि असल्यास तीत माणसाच्या हाताने काही लिहिता येते का, याविषयीचा आहे. आपल्याकडे याच्या जवळचा वाद शोधायचा तर तो कर्मविपाकापेक्षा दक्षिणेतील श्रीवैष्णवांच्या दोन परंपरांत सापडेल. वानराचे पिल्लू आईला स्वतः घट्ट बिलगते, मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय अशी त्या दोन पक्षांना नावेच पडली. साम्य तेवढ्यापुरतेच घ्यावे. पण वादाची जात ओळखायला ते पुरेसे आहे.

वादाचे बीज बायबलच्या ‘नव्या करारा’तच आहे. पौल आणि याकोब या दोघांची पत्रे शेजारी ठेवून वाचली तर ते एकमेकांना खोडून काढत आहेत असा भास होतो. मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, असे पौल रोमकरांस लिहितो. केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो, असे याकोब म्हणतो. गंमत अशी की दोघांचा साक्षीदार एकच आहे: अब्राहाम.

पौल अब्राहामाच्या आयुष्यातली एक रात्र निवडतो. अब्राहाम म्हातारा झाला आहे, मूलबाळ नाही. देव त्याला आकाशातले तारे दाखवतो आणि तुझी संतती एवढी होईल असे सांगतो. अब्राहाम विश्वास ठेवतो आणि तो विश्वासच त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून मोजला जातो. त्या वेळी त्याची सुंताही झालेली नव्हती, याकडे पौल मुद्दाम बोट दाखवतो. याकोब त्याच अब्राहामाच्या आयुष्यातली पुढची, कित्येक वर्षांनंतरची घटना घेतो. देवाच्या सांगण्यावरून तो आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर चढवायला निघतो. त्या कृतीने त्याचा विश्वास पूर्णत्वाला गेला, असे याकोबाचे म्हणणे.

दोघे कोणाशी बोलत होते हे पाहिले की विरोध पुष्कळसा निवळतो. पौलासमोर गलतियातल्या मंडळ्यांचा तंटा होता. ज्यू नसलेल्या नव्या ख्रिस्ती माणसाने सुंता करून घेतलीच पाहिजे, असा काहींचा आग्रह होता. या अटी पाळल्यावाचून देव तुला आपला म्हणणार नाही, असे त्या माणसाला सांगितले जात होते. पौलाचा संताप त्या अटींवर आहे. याकोबासमोरचे दृश्य अगदी वेगळे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत आला की त्याला मानाची जागा, फाटक्या कपड्यातल्याला पायाशी बस असा हुकूम. उघड्या-उपाशी भावाबहिणीला ऊब मिळो, पोट भरो असा तोंडी आशीर्वाद देऊन रिकाम्या हाताने वाटेला लावायचे, आणि तरी आमचा विश्वास आहे म्हणायचे. असला विश्वास भुतांचाही असतो, तीही देव एकच आहे असे मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब सुनावतो. पौलाच्या लेखी विश्वास म्हणजे स्वतःला संपूर्ण सोपवणे. याकोब ज्याच्यावर तुटून पडतो तो विश्वास म्हणजे नुसती मान्यता. शब्द एक, वस्तू दोन.

कोकणीतल्या कॅथलिक परिभाषेत या विश्वासाला ‘भावार्थ’ म्हणतात, हे येथे नमूद करावेसे वाटते. मराठीत तो शब्द आता सारांशाच्या अर्थाने झिजून गेला असला, तरी एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’मुळे त्याचा जुना भक्तिभाव कानाला अजून परका नाही. ‘विश्वास’ या कोरड्या शब्दापेक्षा पौलाला अभिप्रेत असलेली गोष्ट ‘भावार्था’त अधिक उतरते, असे माझे मत आहे.

पौल-याकोबांच्या पलीकडे, खुद्द येशूच्या तोंडी आलेला एक प्रसंग या वादात दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाचे वर्णन आहे. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तसा राजा माणसे वेगळी करतो आणि त्यांना विचारतो ते भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला घर, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट यांविषयी. विश्वासाचा येथे उल्लेखच नाही, म्हणून ‘केवळ विश्वास’ म्हणणाऱ्याला हा उतारा जड जातो. पण पुढे वाचावे. ज्यांना राजा उजवीकडे बसवतो ते गोंधळून विचारतात, आम्ही तुला केव्हा जेवू घातले? त्यांना काही आठवत नाही. आपल्या हातून पुण्य घडले याची त्यांच्याजवळ नोंदच नाही. म्हणजे हिशेब ठेवून सत्कर्मे करणाऱ्यालाही हा उतारा तितकाच जड जातो.

हिशेबाचा हा प्रश्न एका जर्मन भिक्षूने जिवाला लावून घेतला. मार्टिन ल्यूथर १५०५ साली एका वादळात विजेच्या भयाने मठात जाण्याचा नवस बोलला आणि मठात गेल्यावर त्याने उपास, जागरणे, पापकबुली यांत काही कमी ठेवले नाही. त्याची अडचण आळशी माणसाची नव्हती. सर्व काही केल्यावरही ते पुरेसे झाले हे कशावरून, हा प्रश्न त्याची झोप उडवत होता. पुरेसे म्हणजे किती, हे सांगणारी मोजपट्टी कोणाजवळच नव्हती. विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवताना रोमकरांस पत्रातल्या ‘देवाचे नीतिमत्त्व’ या शब्दांशी तो झगडला आणि त्याला एकाएकी वेगळा अर्थ दिसला. ते नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. माणसाने ते कमवायचे नाही, रिकाम्या हातांनी स्वीकारायचे.

१५१७ मध्ये त्याने क्षमापत्रांविरुद्ध आपले पंच्याण्णव मुद्दे मांडले. आपल्या शालेय पुस्तकांतून ही ‘पापमुक्तीची पत्रे’ म्हणून ओळखीची आहेत, पण ते वर्णन थोडे ढोबळ आहे. चर्चच्या शिकवणीनुसार पापाची क्षमा पश्चात्तापाने व पापकबुलीने मिळते. क्षमेनंतरही भोगायचा उरलेला दंड कमी करण्याची सवलत म्हणजे क्षमापत्र. रोममधील संत पीटरच्या नव्या मंदिरासाठी पैसा उभा करताना ही बारीक रेषा पुसली गेली आणि जर्मनीतल्या बाजारपेठांतून जिवंतांसाठी व मृतांसाठी ही पत्रे खपू लागली. जमाखर्चाची वही जणू उघड्यावर मांडली गेली.

ल्यूथरच्या विचाराचा खरा कस मात्र क्षमापत्रांवरील टीकेपेक्षा त्याने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात लागतो. ख्रिस्ती मनुष्य कोणाचाही बांधील नाही आणि तो सर्वांचा सेवक आहे, अशा दोन परस्परविरोधी दिसणाऱ्या विधानांपासून ते सुरू होते. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. मी स्वर्ग मिळवण्यासाठी गरिबाला जेवू घातले तर माझी नजर गरिबावर नसते, स्वर्गावर असते. गरीब ही माझी शिडी होते. विश्वासामुळे माझा प्रश्न आधीच सुटलेला असेल तर माझी सत्कर्मे मला स्वतःसाठी लागतच नाहीत. मग ती मोकळी होतात आणि ज्याला त्यांची गरज आहे त्या शेजाऱ्याकडे जातात. ‘केवळ विश्वास’ म्हणजे सत्कर्मांना सुट्टी, असा जो अर्थ पुढे अनेकांनी लावला, त्याला ल्यूथरच्या या पुस्तकात आधार नाही. याचा व्यवहारातला परिणामही दिसला. भीक घालण्याला पुण्याचे मोल उरले नाही, तेव्हा लाइस्निग या गावाने १५२३ साली सामाईक पेटी स्थापून गरिबांच्या मदतीची व्यवस्था गावकीच्या हाती घेतली.

अर्थात ल्यूथर टोकालाही जात असे. रोमकरांस पत्राच्या जर्मन भाषांतरात मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द त्याने घातला आणि विचारणा झाल्यावर आपल्या भाषेच्या धाटणीला तो हवाच होता असे ठणकावून सांगितले. बिचाऱ्या याकोबाच्या पत्राला तर त्याने गवताच्या पत्राची उपमा दिली. जे पत्र आपल्याला खोडून काढते ते हलके ठरवायचे, हा पंडितांचा जुना उपाय.

कॅथलिक चर्चचे उत्तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी दिले. ल्यूथर त्याआधी अकरा महिने वारला होता. या ठरावाविषयी एक गैरसमज प्रोटेस्टंटांत आणि कॅथलिकांतही सरसकट आढळतो. ट्रेंटने ‘सत्कर्मांनी तारण होते’ असे म्हटले, असा तो समज. ठरावाचे पहिलेच कलम त्याच्या उलट आहे. देवाच्या कृपेवाचून, आपल्याच कर्मांच्या बळावर मनुष्य नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो धर्मबाह्य, असे ते कलम बजावते. प्रारंभ कृपेचाच, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. मतभेद पुढे सुरू होतो.

तो समजायला न्यायालय आणि रुग्णालय यांचे दृष्टान्त उपयोगी पडतील. ल्यूथरच्या मते नीतिमान ठरणे हा न्यायालयातला निकाल आहे. आरोपी दोषी आहे, पण ख्रिस्ताने दंड भरला म्हणून न्यायाधीश त्याला सोडतो. निकाल एका क्षणात लागतो आणि तो पूर्ण असतो. ट्रेंटच्या मते कृपा हे औषध आहे. ते माणसाला निर्दोष जाहीर करून थांबत नाही, त्याला आतून बरे करते. बरे होण्यात रोग्याची साथ लागते, बरे होणे वाढत जाते, कुपथ्य केले तर गमावताही येते. बऱ्या होत चाललेल्या माणसाची सत्कर्मे देवासमोर खरोखर मोलाची असतात, कारण द्राक्षवेलीचा रस फांदीत यावा तसे ख्रिस्ताचे बळ त्यांत वाहत असते. आणि मरणाच्या वेळी बरे होणे अपुरे असेल तर? तर शुद्धिस्थान आहे आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थना आहेत. २ नोव्हेंबरची मेणबत्ती या रुग्णालयात पेटते. न्यायालयात तिला जागा नाही.

ट्रेंटच्या अखेरच्या बैठकीने १५६३ साली क्षमापत्रांमागचा पैशाचा व्यवहार बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंटांची प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. तिची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. तीन भाग: मनुष्याची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञा आणि सत्कर्मे यांचे स्थान तिसऱ्या भागात आहे. सुटका मिळवण्यासाठी सत्कर्मे करायची नाहीत, सुटका झाली म्हणून करायची. ही प्रश्नोत्तरी पुढे डच लोकांच्या जहाजांतून पूर्वेकडे आली.

गोव्यात यापैकी फक्त एकच बाजू नांदत होती. पोर्तुगालच्या राणी लिओनोरने १४९८ साली लिस्बनमध्ये स्थापन केलेल्या ‘मिझरिकॉर्दिया’ या दयासंघाची शाखा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गोव्यात उभी राहिली. सात शारीरिक व सात आत्मिक अशी चौदा दयाकर्मे हा या संघाचा पाया. भुकेल्याला अन्न देण्यापासून मृताला मूठमाती देण्यापर्यंतची मत्तयाच्या यादीची ती वाढवलेली आवृत्तीच म्हणता येईल. गोव्याच्या संघाने रुग्णांची, कैद्यांची, पोरक्या मुलींच्या हुंड्याची, बेवारस प्रेतांची सोय केली. पैसा पुष्कळदा मृत्युपत्रांतून येई. आपल्या आत्म्यासाठी इतक्या मीस म्हणाव्यात, इतकी रक्कम पोरक्या मुलींना द्यावी, अशी ती मृत्युपत्रे. ल्यूथरचा आक्षेप नेमका येथे बोचतो: ती मुलगी कोणाची शिडी होती का? आणि कॅथलिक उत्तरही येथेच समजते. शिडी असो वा नसो, तिचे लग्न झाले.

त्याच शहरात त्याच काळात, १५६० पासून, इन्क्विझिशनचे न्यायालयही बसले होते आणि मधल्या थोड्या खंडासह ते १८१२ पर्यंत टिकले. श्रद्धेच्या शुद्धतेसाठी माणसांना छळणारी ती व्यवस्था गोव्यातल्या मराठी घरांच्या स्मृतीतून गेलेली नाही आणि जाऊही नये. ज्या पौलाचे नाव विश्वासाच्या पक्षाला घेतले जाते, त्यानेच करिंथकरांस लिहिताना सांगितले आहे की डोंगर हलवणारा विश्वास जवळ असला आणि प्रीती नसली तर तो माणूस काहीच नाही. त्या कसोटीवर त्या न्यायालयाचे काय होते, हे सांगायला धर्मशास्त्री लागत नाही.

युरोपातल्या फुटीचे चटके सोसून गोव्यात आलेला एक माणूस आपल्या भाषेला फळला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज कॅथलिक होता. इंग्लंडच्या चर्चने १५७१ मध्ये निश्चित केलेल्या एकोणचाळीस कलमांत ‘केवळ विश्वासाने नीतिमान’ हे तत्त्व आहे. त्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांना जगणे कठीण झाले होते. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट झाला, १५७९ साली गोव्यात उतरला आणि उरलेली चाळीस वर्षे येथेच राहिला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. मुक्ती, वैकुंठ असे ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेत मुरलेले शब्द त्याने नव्या अर्थाने वापरले. कृपा आणि कर्म यांविषयीचा युरोपीय वाद मराठीत येताच त्याला आपल्या पुण्य-मुक्तीच्या शब्दांची सावली मिळाली. सोयही झाली आणि घोटाळाही.

या वादाची दोन्ही अंगे प्रत्यक्ष आयुष्यात समोरासमोर आली ती बाणावलीत १६५१ साली जन्मलेल्या जुझे वाझ यांच्या बाबतीत. पोर्तुगीजांकडून श्रीलंकेचा किनारा जिंकून घेतल्यावर डचांनी तेथे कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात जाफन्याला पोहोचले आणि आजारी पडून मरता मरता वाचले. पुढे कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात त्यांना हेर समजून कैदेत टाकले गेले. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्या माणसांनाही टाकून पळत होते, तेव्हा वाझ आणि त्यांचे भाचे जुझे कार्व्हालो यांनी रुग्णांना निवारे उभारले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना भरवले, मेलेल्यांना पुरले. रुग्ण बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे त्यांनी पाहिले नाही.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी. किनाऱ्यावर ज्यांची सत्ता होती त्या डचांची प्रश्नोत्तरी सत्कर्म ही फक्त कृतज्ञता आहे, मोबदल्याची अपेक्षा नाही, असे शिकवत होती. वाझ यांचे चर्च सत्कर्मांना देवासमोर मोल आहे असे शिकवत होते. आचरणात मात्र मोबदल्याचा विचार कोणाला शिवलाही नव्हता, हे उघड आहे. वाझ यांनी १६७७ साली स्वतःला मरियेचा दास म्हणून लिहून दिले होते. दासाला वेतन नसते. शिकवण आणि माणूस यांच्यात असा तिरकस संबंध इतिहासात वारंवार दिसतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संत घोषित केले.

उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. पंडिता रमाबाई यांचे बालपण पुण्यसंचयाच्या छायेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत, मिळालेले दानधर्मात खर्च करत कुटुंबासह देशभर फिरले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेले. पुढे इंग्लंडमध्ये असताना फुलहॅम येथे भगिनींचा एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने वाईट ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात होते. हे का करता, असे त्यांनी विचारले; उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली. १८८३ साली रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांना या धर्माकडे खेचले ते कोणा धर्मशास्त्र्याच्या युक्तिवादाने नव्हे, परक्या स्त्रियांच्या सत्कर्माने.

परंतु त्यांची गोष्ट तेथे संपत नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, विधवांना शिक्षण मिळू लागले, देशभर नाव झाले. आणि एवढे सत्कार्य चालू असताना, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र वाचताना ही रुखरुख टोकदार झाली. हॅसलम हा उपदेश करता करता स्वतःच बदलून गेलेला माणूस. बाप्तिस्मा, चर्चचे सभासदत्व, आपले काम यांवर आपण विसंबून होतो, असे रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले आहे. ल्यूथरचीच ही वाट, फक्त एका संस्कृत पंडितेने चाललेली.

त्यानंतर काय झाले हे महत्त्वाचे. या नव्या निष्ठेची किंमतही त्यांनी मोजली: सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या तक्रारीवरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. तो आक्षेप त्या काळाच्या दृष्टीने पोकळ नव्हता. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या, केडगावचे मुक्तिसदन वाढत गेले, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला, अंध स्त्रियांना वाचता येऊ लागले. सत्कर्मांनी तारण होत नाही, असे मनापासून मानणाऱ्या बाईच्या हातून त्या निर्णयानंतर आधीपेक्षा कितीतरी अधिक काम झाले. ‘केवळ विश्वास’ या तत्त्वाने माणूस निष्क्रिय होतो, हा कॅथलिकांचा जुना आक्षेप केडगावात खोटा पडला. जसा सत्कर्मांचे मोल मानणारा माणूस हिशेबी होतो हा प्रोटेस्टंटांचा आक्षेप कँडीत खोटा पडला होता.

आक्षेप सर्वत्र खोटे पडतात असे मात्र नाही. डीट्रिख बोनहोफर या जर्मन ल्यूथरपंथी धर्मशास्त्र्याने १९३७ साली, हिटलरच्या राजवटीपुढे मान तुकवणाऱ्या आपल्याच चर्चला उद्देशून, काही न सोडता आणि काही न सोसता मिळणाऱ्या ‘स्वस्त कृपे’वर कडक टीका केली. १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिले. गोव्यातल्या गावांतही फेस्ताचा थाट आणि इगर्जेतल्या फरशीवर कोरलेले दात्याचे नाव यांत पुण्य शोधणारा जसा भेटतो, तसा अमुक दिवशी आपले तारण झाले असे सांगून जुन्या शेजाऱ्यांचा निवाडा करायला मोकळा झालेलाही भेटतो. प्रत्येक शिकवणीला तिचा स्वतःचा आजार जडतो.

चर्चच्या पातळीवर हा वाद पुष्कळ निवळला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी समर्थ करतो, असा त्याचा आशय. २००६ मध्ये मेथडिस्ट, तर २०१७ मध्ये कॅल्व्हिनच्या परंपरेतील चर्चेस त्याला येऊन मिळाली. सोळाव्या शतकात एकमेकांवर टाकलेले बहिष्कार आजच्या या शिकवणीला लागू होत नाहीत, हेही त्यात मान्य झाले.

शुद्धिस्थान, क्षमापत्रे आणि मृतांसाठीची प्रार्थना यांचा निकाल मात्र त्या जाहीरनाम्याने लावलेला नाही, आणि स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळ्या त्यात सहभागीही नाहीत. त्यामुळे येत्या २ नोव्हेंबरलाही एक भाऊ आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावील आणि दुसरा त्या संध्याकाळी घरीच बायबल उघडून बसेल.